नमाज आणि हलाल: ऑफिसात, लोकलमध्ये, हॉटेलात आणि परगावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न बहुतेक नोकरीला नव्याने लागलेल्या मुलामुलींचे आहेत. काही त्यांच्या साहेबांचे आणि सहकाऱ्यांचेही आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही: कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मजहबाचे (मजहब म्हणजे धर्मनियमांची परंपरा) आणि घाटावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले बहुतेक हनफी. एकाच ऑफिसातल्या रत्नागिरीच्या मुकादमांचं आणि बीडच्या शेखांचं उत्तर वेगळं निघालं तर दोघंही बरोबर असू शकतात. ज्या प्रश्नांत हा फरक आडवा येतो तिथे दोन्ही मतं दिली आहेत. हा फतवा नव्हे. अडेल तिथे आपल्या मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना विचारा.

१. पाच नमाजांपैकी कामाच्या वेळेत नक्की किती येतात?

दहा ते सहा नोकरी असेल तर दोन: जोहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहरची). फजर (पहाटेची) आणि इशा (रात्रीची) घरीच होतात. मगरिब सूर्यास्तावर अवलंबून आहे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणून हिवाळ्यात मगरिब ऑफिसच्या दारात नाहीतर गाडीत गाठते.

अजान झाली की त्याच क्षणी काम टाकून उठलंच पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. प्रत्येक नमाजेला सुरुवात आणि शेवट असलेला वक्त असतो आणि त्या वक्तात ती कधीही पढता येते. जोहर मुंबईत वर्षभर साधारण १२:२२ ते १२:५३ च्या दरम्यान सुरू होते आणि असर लागेपर्यंत, म्हणजे तीन तास तरी चालते. चार फर्ज (अनिवार्य) रकातींना, म्हणजे नमाजेच्या आवर्तनांना, पाच-सहा मिनिटं लागतात, सुन्नत (जादा) रकाती धरून दहा-बारा. घाई असते ती मगरिबची. तिला जेमतेम सव्वा तास मिळतो.

२. एका ॲपवर असर पावणेचारला आणि दुसऱ्यावर पाचला. खरी कुठली?

दोन्ही. शाफई मताने वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली (भर दुपारची मूळ सावली सोडून) की असर लागते. हनफी मताने दुप्पट झाली की. फरक ऋतूप्रमाणे तासाभराचा पडतो. ॲपच्या सेटिंगमध्ये मजहब निवडायचा पर्याय असतो, तो बहुतेकजण बघतच नाहीत. पाचच्या मीटिंगमुळे हैराण झालेल्या कोकणी मुलाचा प्रश्न अनेकदा तिथेच सुटतो.

३. ऑफिसच्या बेसिनमध्ये वजू करायला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला) संकोच वाटतो. पाय कसे धुवायचे?

संकोच वाटायलाच हवा, कारण बेसिनवर पाय टेकवलेला दुसऱ्याला आवडत नाही आणि ओल्या फरशीवर कुणीतरी घसरतं. सोपा मार्ग म्हणजे घरून किंवा मशिदीतून वजू करून निघा आणि टिकवा. मोडलाच तर पाण्याची बाटली घेऊन संडासच्या नळापाशी किंवा गच्चीवरच्या नळाला जा. पैगंबरसाहेब एका मुदमध्ये, म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. आपल्याला नळ सोडून ठेवायची सवय लागलीय, एवढंच.

दुसरी सवलत चामडी मोज्यांची. पूर्ण वजू करून हे मोजे चढवले तर पुढे एक दिवस-एक रात्र (प्रवासात तीन दिवस) पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवला की पुरतं. साध्या सुती मोज्यांना ही सवलत हनफी आणि शाफई दोन्हींत नाही. वजू झाल्यावर बेसिनभोवतीचं पाणी स्वतः पुसा. एवढ्याने निम्म्या कुरबुरी बंद होतात.

४. नमाजेला तोंड पश्चिमेकडे करायचं ना?

महाराष्ट्रात पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला कलून. मुंबईहून मक्का उत्तरेपासून मोजल्यास साधारण २८० अंशांवर येते. कोकणात समुद्राकडे तोंड केलं की काम भागतं. पण हे आपल्याकडचं झालं. कुवेतला गेलेल्या आपल्या माणसाचा किबला (मक्केची दिशा) नैर्ऋत्येला असतो, न्यू जर्सीत ईशान्येला, आणि केप टाऊनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोकणी मुसलमान जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात. हनफी मताने दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतची चूक चालते. शाफई जास्त काटेकोर आहेत. बंद खोलीत मोबाईलचं होकायंत्र लोखंडी कपाटापाशी चुकीचं दाखवतं, म्हणून एकदा खिडकीपाशी जाऊन बघा आणि खूण करून ठेवा.

५. नमाजेसाठी वेळ मागणं हा कायद्याने हक्क आहे का? साहेबांना विचारायचं कसं?

खासगी नोकरीत नमाजेची वेगळी सुट्टी द्यावी असा कायदा नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार सलग ठरावीक तासांहून जास्त काम करून घेता येत नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. म्हणजे जेवणाची सुट्टी तुमची आहे, आणि जोहर तिच्यात बसते. असरसाठी लोक चहाला जातात तेवढाच वेळ पुरतो.

विचारताना धर्माचं महत्त्व समजावत बसू नका. साहेबांना तीनच गोष्टी हव्या असतात: किती वेळ, कधी, आणि तेवढ्यात फोन कोण उचलेल. "रोज साडेचारच्या सुमारास दहा मिनिटं, माझ्या जागी अमुक बसेल," एवढं बोला. जागेसाठी रिकामी मीटिंग रूम, स्टोअररूमचा कोपरा, जिन्यावरचा न वापरला जाणारा टप्पा चालतो. आपत्कालीन वाट मात्र अडवू नका. वेगळी 'नमाज रूम' मागण्यापेक्षा कुणालाही शांत बसता येईल अशी खोली मागितली तर ती लवकर मिळते, आणि ध्यान करणाऱ्या बाईंनाही तिचा उपयोग होतो.

६. शुक्रवारच्या जुम्म्याचं काय? ती तर एकट्याने होत नाही.

बरोबर, जुमा जमातीनेच (समूहानेच) होतो आणि त्या दिवशी तो जोहरच्या जागी येतो. खुतबा (प्रवचन) ऐकायचा, मग दोन रकाती. हनफी मताने इमाम सोडून तीन पुरुष पुरतात, शाफई मताने चाळीस स्थायिक पुरुष लागतात. म्हणून ऑफिसातल्या पाच-सहा शाफईंनी मिळून कॉन्फरन्स रूममध्ये जुमा करणं त्यांच्या मजहबात बसत नाही.

मशिदींच्या जमातीच्या वेळा वेगवेगळ्या असतात. कुठे एक, कुठे दीड, कुठे दोन. कामाच्या जागेजवळच्या दोन-तीन मशिदींच्या वेळा आणि खुतबा किती चालतो हे एकदा विचारून ठेवा. उर्दू बयान लांबतं, पण ते ऐकणं अनिवार्य नाही. अरबी खुतब्याआधी पोहोचा. शुक्रवारी जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे सरकवून मागितली तर फारसं कुणी नाही म्हणत नाही, फक्त संध्याकाळी तो अर्धा तास भरून द्या. बायकांवर आणि मुसाफिरावर जुमा फर्ज नाही (मुसाफिर कोण, ते प्रश्न ९ मध्ये).

७. बोर्डाचा पेपर शुक्रवारी ११ ते २ आहे. पेपर सोडू की जुमा?

पेपर सोडायचा नाही. आधी शहरात सव्वादोन किंवा अडीचची जमात कुठे आहे का ते शोधा. मोठ्या शहरात बहुधा सापडते. नसेलच तर पेपरनंतर जोहर पढा, तिचा वक्त शिल्लक असतो. वर्षभर कॉलेजच्या लेक्चरसाठी हेच कारण पुढे करणाऱ्यांना मात्र हे उत्तर लागू नाही.

८. लोकलमध्ये नमाज पढता येते का?

विरार फास्टमध्ये? मुसल्ला अंथरायला जागा कुठाय! फर्ज नमाजेत उभं राहणं, रुकू (कमरेत वाकणं), सजदा (कपाळ टेकणं) आणि किबला हे सगळं लागतं. गर्दीच्या डब्यात ते होत नाही आणि झालं तरी चार माणसांची वाट अडते. लोकल दर काही मिनिटांनी थांबते. मगरिब निघून जाईल असं वाटलं तर मधल्या स्टेशनला उतरा, फलाटाच्या टोकाला किंवा जवळच्या मशिदीत पढा, पुढची गाडी पकडा.

लांब पल्ल्याच्या गाडीत उतरणं शक्य नसतं. तिथे दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभं राहून पढता आली तर पढा. गाडी वळली तर जमेल तसे किबल्याकडे वळा. पॅसेजमध्ये लोकांची ये-जा असेल तर बर्थवर बसून पढा आणि उतरल्यावर पुन्हा पढून घ्या. इतरांची वाट अडवून पढण्यापेक्षा हे केव्हाही बरं. एसटीत तर कंडक्टरला आधी सांगून ठेवलं की चहाच्या थांब्यावर पाच मिनिटं आरामात मिळतात.

९. मी रोज पुण्याहून मुंबईला जातो. मी मुसाफिर का?

मुंबईत असताना, हो. हनफी हिशेबाने साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढे, शाफई हिशेबाने ८० च्या आसपास, गावाची हद्द ओलांडून निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि चार रकातींची फर्ज नमाज दोन करतो. यालाच कस्र म्हणतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. मुंबई-पुणे अंतर दीडशेच्या घरात आहे, त्यामुळे मुंबईत जोहर-असर दोन-दोन रकाती. पुण्याच्या हद्दीत परत आलात की पूर्ण. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर आहे, तिथे कस्र नाही, कितीही हाल झाले तरी.

परगावी मुक्काम असेल तर हनफींमध्ये पंधरा दिवस किंवा जास्त राहायचा इरादा झाला की पूर्ण नमाज. शाफईंमध्ये येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस.

आता खरी मेख. शाफई मुसाफिराला जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. हनफीला ही मुभा हजच्या ठरावीक वेळा सोडल्या तर नाही. संध्याकाळी ५:१० च्या डेक्कन क्वीनने परतणाऱ्यांना मगरिब वर्षभर गाडीतच लागते, गाडी ८:२५ ला पुण्यात पोहोचते. शाफई माणूस गाडीत बसतानाच मगरिब इशाबरोबर पढायची नियत करून निर्धास्त बसू शकतो, पण ती एकत्र नमाज पुण्याची हद्द लागण्याआधी व्हायला हवी की नंतरही चालते, हे आपल्या इमामांकडून नीट समजून घ्या. शेजारच्या हनफीला गाडीतच पढावी लागते (प्रश्न ८). दाऊदी बोहरा या दोन्हींहून वेगळे. ते घरीसुद्धा जोहर-असर आणि मगरिब-इशा जोडूनच पढतात.

१०. ऑफिसात बाईंनी हात पुढे केला, मी हात मिळवला. वजू गेला का?

हनफी असाल तर नाही. शाफई असाल तर गेला: परक्या स्त्री-पुरुषांची कातडी कातडीला लागली की दोघांचाही वजू मोडतो, मनात काही असो-नसो. कपड्यावरून, केसांना किंवा नखाला लागलं तर मोडत नाही. हात मिळवणं योग्य की नाही हा वेगळा मुद्दा आहे. ज्यांना टाळायचं असतं ते छातीवर हात ठेवून किंचित झुकतात, नमस्कार करतात, आणि कुणाला राग येत नाही.

गर्दीच्या बसमध्ये रोजच असा स्पर्श होणाऱ्या शाफईने ऑफिसला पोहोचल्यावर वजू करावा, हे उत्तम. काबाभोवतीच्या तवाफच्या गर्दीत शाफई हाजी याबाबतीत हनफी मत धरतात, हे मात्र ठाऊक असू द्या. मग सोयीप्रमाणे रोज मजहब बदलावा का? नाही. खरी अडचण आणि सवलत हुडकण्याची हौस यातला फरक आपला आपल्याला कळतो.

११. बायकांनी बाहेर असताना नमाज कुठे पढायची?

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची येतात आणि सगळ्यात कमी समाधानकारक उत्तर याचंच आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ मशिदींत बायकांसाठी जागाच नाही. पुण्यातल्या एका दांपत्याने याबाबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला धर्माची मनाई नाही. फक्त स्त्री-पुरुषांनी एकत्र मिसळू नये. म्हणजे अडचण जागेची आणि विश्वस्तांच्या इच्छेची आहे. नव्या मशिदी बांधताना वेगळा जिना आणि वजूखाना काढला तर खर्च किती वाढतो? सध्या मोठी रुग्णालयं, मॉलमधल्या कपडे बदलायच्या खोल्या, ओळखीच्या दुकानाचा मागचा भाग यांवर बायकांचं चालतं. जाण्याआधी मशिदीत फोन करून विचारा. काही ठिकाणी वरचा मजला असतो, पण पाटी नसते.

१२. बागेत, रस्त्याच्या कडेला, किल्ल्यावर नमाज पढली तर गुन्हा होतो का?

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचरणाचं स्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. बाकावर बसलेल्या एकट्या माणसाने कडेला पाच मिनिटं नमाज पढणं आणि शंभर जणांनी रस्ता अडवणं यांत फरक आहे. रस्ता अडवून पढणं धर्मालाही पसंत नाही. वाटेत नमाज पढू नये असं फिक्हच्या (धर्मनियमांच्या) पुस्तकांतच आहे. शुक्रवारी मशीद अपुरी पडत असेल तर दुसरी जमात ठेवणं हा उपाय आहे. हनफींना एका मशिदीत दोन जमाती एरवी रुचत नाहीत, तरी कोविडच्या काळात त्या झाल्याच.

संरक्षित स्मारकांची गोष्ट आणखी वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही महिलांनी नमाज पढल्याचा व्हिडिओ फिरला, पुरातत्त्व खात्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला, खासदार मेधा कुलकर्णी आणि कार्यकर्त्यांनी तिथे गोमूत्र शिंपडलं. बाईमाणसांनी चार मिनिटं कोपऱ्यात सजदा केला त्याने वाड्याला काय झालं, असं मलाही वाटतं. पण नियम आहे, आणि जोहरचा वक्त तीन तासांचा आहे. बाहेर येऊन पढा.

१३. पहाटेची बांग भोंग्यावर का ऐकू येत नाही?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला बंदी आहे, आणि फजरचा वक्त आपल्याकडे सहाच्या आधीच लागतो. दिवसा परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं. बांग तोंडी देणं चालूच आहे, आणि मुंबईतल्या काही मशिदी ती मोबाईल ॲपवरून थेट ऐकवतात.

१४. आम्ही मुसलमान नाही. सहकारी नमाज पढत असताना आम्ही काय करायचं?

काहीच नाही. फक्त त्याच्या अगदी समोरून जाऊ नका. तो पुढे बॅग किंवा खुर्ची ठेवतो ती त्यासाठीच; तिच्या पलीकडून खुशाल जा. हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही तर राग मानू नका. आग लागली, कुणी पडलं, तर जरूर ओरडा. अशा वेळी नमाज तोडायची असते.

१५. मटण हलाल नक्की कशाने होतं? झटक्यात आणि त्यात फरक काय?

जनावर मुळात खाण्यास परवानगी असलेलं आणि कापताना जिवंत हवं, सुरी धारदार हवी, कापणाऱ्याने अल्लाहचं नाव घ्यावं, गळ्यातली श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू द्यावं. हनफींना या चारपैकी तीन कापल्या जाणं आवश्यक, शाफईंना पहिल्या दोन. नाव घ्यायला विसरलं तर दोन्हीकडे चालतं. मुद्दाम घेतलं नाही तर हनफींकडे हराम, शाफईंकडे नापसंत पण हलाल. झटक्यात मान एका घावात वेगळी करतात. डुक्कर, वाहिलेलं रक्त, मेलेलं जनावर आणि दारू कशानेही हलाल होत नाही (व्हिनेगरबद्दल प्रश्न २० बघा).

हलाल मटण फक्त मुसलमानच खातात असा समज अलीकडचा आहे. आपल्या गावगाड्यात बकरं कापायचं काम मुलाण्याचं होतं, आणि मराठ्यांच्या घरचं बकरंही तोच कापायचा. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं. ज्याला झटका हवा त्याने झटका घ्यावा. मुलाण्याच्या हातचं खाऊन आपल्या पणज्यांचा धर्म बुडाला नव्हता, एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

१६. हॉटेलात हलाल आहे की नाही ते कसं ओळखायचं?

पाटीवर विसंबू नका, माणसाला विचारा. "हलाल आहे ना?" म्हटलं की वेटर नेहमी "हो" म्हणतो. "चिकन कुणाकडून घेता?" विचारा. दुकानाचं नाव झटकन आलं तर उत्तर खरं. मग दुसरा प्रश्न: इथे डुकराचं काही शिजतं का, आणि तवा-तेल वेगळं आहे का? शंका राहिली तर मासे किंवा शाकाहारी मागवा; मासळीला कापायची अट नाही (पण प्रश्न १९ बघा). शाकाहारी ताट कुणाच्याही घरचं चालतं.

१७. पाकिटावर हिरवा ठिपका आहे. तेवढ्यावर भागेल का?

जवळजवळ भागतं. हिरवी खूण असली की जिलेटिन, चीजमधलं प्राणिज रेनेट, किड्यांपासूनचा लाल रंग (ई १२०) यांची काळजी मिटते. ई ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) सुद्धा मग वनस्पतीजन्यच असतो. हिरवी खूण मद्यार्काबद्दल मात्र काही सांगत नाही. महागडी चॉकलेटं आणि केक यांच्या घटकांची यादी वाचा, रम किंवा ब्रँडी तिथे लिहिलेली असते. तपकिरी त्रिकोण असेल तर अंडंही असू शकतं, मांसही. तिथे यादी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

१८. 'बड्याचं' (मोठ्या जनावराचं) मांस हलाल असेल तर खायला हरकत काय?

धर्माची नाही, कायद्याची असू शकते. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आहे. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं, बंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्याचं मांस चालतं, आणि दुकानात बड्याचं म्हणून मिळतं ते तेच असायला हवं. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, पावती मागा, आणि प्रवासात नेऊ नका. रस्त्यात अडवणारे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत नाहीत.

१९. कोलंबी, खेकडा, तिसऱ्या खाव्यात का?

कोकण्याला हा प्रश्न पडत नाही आणि औरंगाबादकराला जेवणाच्या पानावरच पडतो. शाफईंकडे समुद्रातलं बहुतेक सगळं हलाल. कोलंबी, माकुल, तिसऱ्या खुशाल. खेकड्याबाबत त्यांच्याही ग्रंथांत दोन मतं आहेत, कारण तो पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगतो. हनफींकडे फक्त मासा. मग कोलंबी मासा आहे का? यावर हनफी उलेमांत जुना वाद आहे. पुष्कळ जण खातात, काही टाळतात. हनफी पाहुण्याला बोलावलं असेल तर एक डिश सुरमईची ठेवा, म्हणजे वाद जेवण झाल्यावर घालता येईल.

२०. गोव्याला चाललोय. तिथे काय सांभाळायचं?

चोरिस आणि सोरपोतेल डुकराचं असतं. चोरिस-पावाच्या गाड्यावर तवा एकच असतो, म्हणून तिथे ऑम्लेटही टाळा. व्हिनेगरला मात्र घाबरू नका. माडाच्या सुरेचं व्हिनेगर आपोआप आंबून होतं, आणि दारूचा असा आपोआप झालेला शिरका हनफी-शाफई दोघांनाही चालतो. काही घालून मुद्दाम केला असेल तर शाफईंना चालत नाही.

२१. ऑफिसात सत्यनारायणाचा प्रसाद देतात. गावी जत्रेचं मटणही येतं. घ्यायचं का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेचा बोकड देवीच्या नावाने सोडलेला असतो. कुराणात अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं स्पष्ट मना आहे. कापणारा मुलाणी असला आणि त्याने बिस्मिल्लाह म्हटलं तरी बोकड देवीच्या नवसाचा असेल तर बहुतेक उलेमा नकोच म्हणतात.

प्रसादाच्या शिऱ्यात रवा-साखर-तूपच असतं, तरी नैवेद्य दाखवलेलं खाऊ नये असंच बहुतेक इमाम सांगतील. पण हातात दिलेला द्रोण तोंडावर नाकारायची गरज नाही. दोन्ही हातांनी घ्या, शेजाऱ्याला द्या. गणपतीला शेजारच्या काकू नैवेद्याआधी काढून ठेवलेले मोदक पाठवतात, कारण त्यांना तुमची अडचण ठाऊक असते. ते पोटभर खा.

२२. हलाल प्रमाणपत्रावर बंदी आली आहे का?

उत्तर प्रदेशात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, निर्यातीचा माल वगळून. महाराष्ट्रात तसा आदेश नाही. प्रमाणपत्र सरकार देत नाही. हलाल इंडिया, जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट अशा संस्था देतात. मांसाला त्याचा उपयोग आहे. गव्हाच्या पिठाला आणि मिठाला त्याची काय गरज, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

२३. विमानात आणि रेल्वेत?

विमानात तिकीट काढताना 'एमओएमएल' हा मुस्लिम जेवणाचा कोड निवडा, बहुधा २४ तास आधी सांगावं लागतं. रेल्वेत शाकाहारी घ्या किंवा घरून डबा न्या.

२४. सोसायटीच्या आवारात कुर्बानी करता येते का?

महापालिकेच्या परवानगीशिवाय नाही. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ईदच्या आदल्या संध्याकाळी हेच बजावलं. देवनारच्या कत्तलखान्यात किंवा पालिकेने ठरवलेल्या ठिकाणी करा, किंवा गावी नाव लावा. कुर्बानी दुसऱ्याकरवी करवता येते आणि बकरं लिफ्टमधून न्यावं लागत नाही.

२५. सॅनिटायझर लावून नमाज होते का? आणि कॅप्सूल?

होते. आपल्याकडचा मद्यार्क बहुतांशी उसाच्या मळीचा असतो. द्राक्ष-खजुराच्या दारूचा नियम हनफी उलेमा त्याला बाहेरून लावण्यापुरता लागू करत नाहीत, आणि इतरांनीही गरजेपोटी मुभा दिली आहे. कॅप्सूलचं कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचं असतं. डॉक्टरांना गोळी किंवा वनस्पतीजन्य कवच आहे का विचारा. पर्याय नसेल तर औषध घ्या.

२६. रमजानमध्ये संध्याकाळच्या विमानाने मुंबईहून दुबईला गेलो तर रोजा कधी सोडायचा?

तुम्हाला विमानातून सूर्य मावळलेला दिसेल तेव्हा. मुंबईच्या वेळेने नाही, दुबईच्याही नाही. विमान पश्चिमेला जात असल्याने दिवस लांबतो, कंटाळा येतो, इलाज नाही. पण मुंबईच्या विमानतळावर सूर्यास्त झाल्यावर खजूर खाऊन रोजा सोडला, मगरिब पढली, आणि विमानाने उंची घेतल्यावर क्षितिजावर सूर्य पुन्हा दिसला, तर तो रोजा आणि ती नमाज दोन्ही झालेली आहेत. परत करायची नाही. खजूर तोंडात घालण्याआधीच विमान उडालं असेल तर मात्र थांबावं लागेल.